आपल्यात थडगी नसतात, मग आपली माणसं शोधायची कुठे?



घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की ख्रिस्ती घरातल्या बाईला एक जागा ठरलेली असते. ती दफनभूमीत जाते. दगडावर नाव असतं, जन्म असतो, मृत्यू असतो, कधी नवऱ्याचं नाव आणि मुलांची नावंही असतात. आपल्या महाबळेश्वरच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीतले दगड वाचून परदेशातली माणसं आपल्या खापरपणजोबांचा पत्ता लावतात.

आपल्याकडे तसं काही नाही. दहन होतं, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं आणि संपलं. श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. जीव देह सोडतो आणि काही समयांतच आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला पोहोचतो, हे आपण पाठशाळेत शिकलो. मग मागे राहिलेल्यांनी घास ठेवायचा तरी कुणासाठी? पिंडदानाला जाणं नाही, त्यामुळे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा आधारही आपल्याला धरता येत नाही.

धर्माच्या दृष्टीने हे सगळं बरोबरच आहे. पण माझ्यासारखीला पणजीचं नाव हवं असेल तर ती कुठे जाणार?

गेली तीन-चार वर्षं मी हाच उद्योग करतेय. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, सासर साताऱ्यात. दोन्हीकडच्या घरांत, देवळांत, कचेऱ्यांत फिरून मला एक गोष्ट पक्की कळली. आपली गेलेली माणसं राखेत नाहीत आणि दगडाखालीही नाहीत. त्यांच्या नावाने जे दान दिलं गेलं त्यात ती आहेत. आणि बायका तर बऱ्याच वेळा फक्त तिथेच आहेत. आज त्याबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांना आपल्या घरचं शोधायचंय त्यांना उपयोग होईल.

दगडावरची आपली माणसं

आधी एक गैरसमज दूर करू. जैनांमध्ये स्मारकाचे दगड अजिबात नव्हते असं नाही. निषिधी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ज्या साधूने, आर्यिकेने किंवा श्रावक-श्राविकेने सल्लेखना घेऊन देह ठेवला, तिच्या स्मरणार्थ उभारलेला दगड म्हणजे निषिधी. त्याच्याखाली कुणाला पुरलेलं नसतं. तो फक्त सांगतो की अमुक जीवाने इथे समाधिमरण साधलं.

श्रवणबेळगोळला आपल्यापैकी बहुतेक जणी जाऊन आल्या आहेत. 2018 च्या महामस्तकाभिषेकाला तर इकडून गाड्याच्या गाड्या भरून गेल्या. पण आपण बाहुबली भगवंतांच्या मोठ्या डोंगरावर जातो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. समोरच्या लहान डोंगरावर, चंद्रगिरीवर, पायाखालच्या खडकातच अक्षरं कोरलेली आहेत. त्यातला सर्वांत जुना लेख साधारण इ.स. 600 च्या सुमाराचा आहे. शतकानुशतकं तिथे सल्लेखनेच्या नोंदी होत राहिल्या. डॉ. एस. शेट्टर यांनी या लेखांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि सल्लेखनेवर इंग्रजीत दोन मोठी पुस्तकं लिहिली.

या लेखांत बायका आहेत. होयसळ राजा विष्णुवर्धनाची राणी शांतला 1131 साली वारली. तिची आई माचिकब्बे हिने त्यानंतर श्रवणबेळगोळला येऊन सल्लेखना घेतली आणि महिनाभराच्या उपवासाने देह ठेवला. नवरा शैव, स्वतः जैन, अशी ही बाई. सेनापती गंगराजाची पत्नी लक्ष्मीमती 1121 साली समाधिमरणाने गेली, तिचं स्मारक नवऱ्याने उभारलं. नऊशे वर्षांपूर्वीच्या या दोघींबद्दल आपल्याला इतकं माहीत आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या पणजीबद्दल काहीच माहीत नाही. मला तरी हे टोचलं.

आपल्या भागातही, विशेषतः बेळगाव-धारवाडकडे, असे दगड बरेच आहेत. ओळखायचे कसे ते सांगते, कारण आपल्याकडे वीरगळ आणि सतीशिळाही सगळीकडे आहेत. वाई तालुक्यातल्या किकली गावात तर वीरगळांची रांगच आहे. वीरगळावर खाली लढाई असते, त्यावर अप्सरा वीराला वर नेताना दिसतात आणि सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा असते. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. निषिधीवर लढाई नसते. वरच्या भागात पद्मासनातली जिनमूर्ती असते आणि खाली गुरूसमोर हात जोडून बसलेली व्यक्ती असते. काही ठिकाणी नुसत्या चरणपादुकाच कोरतात. आपल्याकडे पावलं पुजतात, चेहरा नाही, हे लक्षात ठेवलं की अशा पादुका ओळखू येतात.

पण मैत्रिणींनो, निषिधी मिळाली ती साधूंना, राजघराण्यातल्यांना, मोठ्या व्रती लोकांना. शेतात राबणाऱ्या, बाळंतपणात किंवा साथीत गेलेल्या तुमच्या-माझ्या पणजीला कोण दगड उभारणार?

हेळव्याची वही

आपल्या भागातल्या जैन शेतकरी घरांना एक आधार मात्र आहे, तो म्हणजे हेळवी. सुगी झाली की बैल घेऊन, घंटा वाजवत दारात यायचा तो. कन्नडमध्ये हेळव म्हणजे लंगडा. त्यांचा मूळ पुरुष पायाने अधू होता आणि बैलावर बसून फिरायचा, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. जैन, लिंगायत, मराठा अशा कितीतरी घराण्यांच्या वंशावळी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. मूळ गाव कोणतं, तिथून घराणं का उठलं, किती भाऊ कुठे गेले, हे तो घडाघडा म्हणून दाखवतो. त्याला धान्य, कापड, जमेल ती दक्षिणा द्यायची आणि नवीन जन्मलेल्या मुलांची नावं वहीत घालून घ्यायची.

आपल्याकडे आडनावावरून काही कळत नाही. पाटील, चौगुले, मगदूम ही कामावरून पडलेली नावं, ती सगळ्या जातींत आहेत. म्हणून हेळव्याने सांगितलेलं मूळ गाव फार मोलाचं. आमच्या घराची सात पिढ्यांची माळ मला त्याच्याकडून मिळाली.

त्या सात पिढ्यांत एकाही बाईचं नाव नव्हतं. बापाचा मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. जणू सगळे आभाळातून पडले! मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अक्का, लेकी दुसऱ्याच्या वहीत जातात." मग सुना कुणाच्या वहीत जातात, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

देवळातला हंडा

माहेरच्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला. जुनी भांडी मोडीत काढायची ठरली. तांब्या-पितळेची पातेली, घागरी, हंडे, पराती असा ढीग होता. त्यांची यादी करायला दोन-चार बायका हव्या होत्या, त्यात मी होते.

एका तांब्याच्या हंड्याच्या गळ्याखाली टाकणीने ठोकलेली अक्षरं होती. काळवंडलेली होती, पण बॅटरीच्या उजेडात लागली. त्यात माझ्या पणजोबांचं नाव होतं. त्यांच्या नावाआधी 'भ्र.' होतं आणि त्याच्याआधी एका बाईचं नाव, त्या नावाला 'कै. सौ.' लावलेलं. तिच्या स्मरणार्थ हा हंडा आईने दिला, असं लिहिलं होतं. आईचं नाव, तिचं गाव, आणि कार्तिक शके 1840.

माझ्या पणजीचं नाव ते नव्हतं. गावही पणजीच्या माहेरचं नव्हतं. (नावं मी इथे लिहीत नाही, ती घरातच राहू देत.)

'कै. सौ.' याचा अर्थ आपल्याला माहीत आहे. नवरा हयात असताना गेली. शके 1840 चा कार्तिक म्हणजे 1918 चा नोव्हेंबर. आणि 1918 म्हटलं की काय आठवतं? इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबईत आली, आणि सप्टेंबरपासून जी दुसरी लाट उसळली तिने खेडीच्या खेडी झोपवली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. म्हाताऱ्यांपेक्षा तरण्याताठ्या माणसांवर तिचा घाला जास्त होता, आणि त्यातही बायकांवर.

पुढचा धागा सरकारी दफ्तरात होता. गावात जन्ममृत्यूची नोंद पूर्वी कोतवालाच्या पुस्तकात होत असे, त्याला गाव नमुना नंबर 14 म्हणतात. ही जुनी पुस्तकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. अर्ज करून नक्कल मागता येते. बहुतेक नोंदी मोडी लिपीत आहेत, त्यामुळे वाचणारा माणूस लागतो. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणारे पुन्हा पुढे आलेत, ही आपल्यासाठी सोय झाली. आणखी एक लक्षात ठेवा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून जुने कागद बघताना 'सांगली जिल्हा' शोधत बसू नका.

नोंद सापडली. ऑक्टोबर 1918, तेच नाव, वय 22, जात जैन, कारण 'ताप'. त्याच पानावर त्याच महिन्यातल्या इतक्या नोंदी होत्या की लिहिणाऱ्याने कारणाच्या रकान्यात पुढे पुढे नुसत्या खुणा केल्या होत्या.

म्हणजे आश्विनात ती गेली, आणि पुढच्याच कार्तिकातल्या अष्टान्हिकेच्या सुमाराला तिच्या आईने लेकीच्या सासरच्या देवळात हंडा दिला. बावीस वर्षांची लेक गेलेली आई त्या साथीच्या दिवसांत तांबटाकडे जाऊन हंड्यावर नाव घालून घेते, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

ही बाई माझ्या पणजोबांची पहिली बायको होती. घरात कुणी तिचं नाव कधी काढलं नव्हतं.

थोरल्या आत्याआजीचं आजोळ

माझ्या आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा आधी त्या चिडल्या. "गेलेला जीव कुठल्या गतीला गेला देव जाणे, तू भांडी उकरत बसलीस. मोह वाढवायचा धंदा सगळा." त्यांचं चुकत नव्हतं. आपला धर्म हेच सांगतो. मी गप्प बसले.

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "गाव कुठलं म्हणालीस?"

मी गाव सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, थोरल्या आत्याआजी (म्हणजे माझ्या आजोबांची सगळ्यांत मोठी बहीण) दर दिवाळीला त्याच गावाला जायच्या. बाकीची भावंडं पणजीच्या माहेरी आणि ह्या एकट्याच दुसऱ्या गावाला. लहानपणी सगळ्यांना त्याचं नवल वाटायचं. विचारलं की मोठी माणसं म्हणायची, "तिला तिकडं आवडतं."

थोरल्या आत्याआजींचा जन्म 1916 चा. हिशेब लागला. आई गेली तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या.

मैत्रिणींनो, इथे मला दोन बायका सापडल्या. एक ती, जिचं नाव फक्त हंड्यावर उरलं. आणि दुसरी माझी पणजी, जिने सवतीच्या लेकीला असं वाढवलं की शंभर वर्षं घरात कुणाला ती सावत्र आहे हे कळलं नाही. पण त्याच पणजीने दर दिवाळीला त्या पोरीला तिच्या खऱ्या आजोळी पाठवलंही. तिने कुणाला विसरू दिलं नाही आणि बोभाटाही केला नाही. पणजीचं हे मोठेपण मला वहीतून कधीच कळलं नसतं. हंडा मोडीत गेला असता तर दोघीही गेल्या असत्या.

हंड्याचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. देवळाला दिलेली वस्तू घरी आणायची नसते, ते निर्माल्य. विकत घेऊन आणणंही मनाला पटेना. शेवटी आत्यांनीच तोड काढली. त्याच्या मोडीच्या वजनाएवढी रक्कम आम्ही जीर्णोद्धाराच्या फंडात भरली आणि हंडा देवळातच ठेवला. त्याला कल्हई करून घेतली. आता गावात मुनिसंघ आला की आहारासाठी प्रासुक पाणी त्यात तापतं. आईने दिला तो ह्याच कामासाठी दिला असणार.

अक्षरं वाचताना

आता कामाच्या गोष्टी. भांडी, फरशा, पुस्तकं, जुने कागद वाचताना ही छोटी अक्षरं फार बोलतात.

'कै. सौ.' म्हणजे नवऱ्याआधी गेली. 'गं. भा.' म्हणजे विधवा, आणि तेव्हा हयात. 'चि. सौ. कां.' म्हणजे लग्नातलं भांडं. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, त्याच्या पुढचं नाव नवऱ्याचं. जुन्या दस्तांत 'कोम' दिसलं तर तेही अमुकची बायको असंच, आणि 'बिन' म्हणजे अमुकचा मुलगा. कुणी विचारतं, कैलासवासी हा शब्द आपला कसा? आदिनाथ भगवंतांचं निर्वाण कैलास पर्वतावर झालं, तेव्हा त्यात परकं काही नाही.

सासरी गेल्यावर नाव बदलायची पद्धत होती, हेही विसरू नका. माहेरच्या कागदांत एक नाव आणि सासरच्या भांड्यावर दुसरं, अशी एकच बाई असू शकते. वडिलांचं नाव, गाव आणि साल हे तिन्ही जुळल्याशिवाय एक समजू नका.

सालांचा हिशेब असा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं, जानेवारी ते पाडवा या काळात 79. विक्रम संवतातून साधारण 57 वजा करा. वीर निर्वाण संवत दिवाळीनंतर बदलतो, त्यातून दिवाळी ते डिसेंबर 527 आणि पुढे 526 वजा करा. जमिनीच्या कागदांवर फसली असेल तर 590 मिळवा. आमच्या हंड्यावरचा कार्तिक शके 1840 म्हणजेच विक्रम 1975, वीर संवत 2445 आणि इसवी सन 1918.

मूर्तीच्या पाठीवरचे लेख

पंचधातूच्या आणि पाषाणाच्या जुन्या मूर्तींच्या बैठकीवर किंवा पाठीवर लेख असतो. आपण रोज समोरून दर्शन घेतो, मागचं कधी बघत नाही. आधी संवत आणि तिथी, मग मूलसंघ, बलात्कारगण, कुंदकुंदाचार्यान्वय अशी गुरुपरंपरा, भट्टारकांचं नाव आणि शेवटी मूर्ती कुणी घडवली ते. आणि तिथे गंमत बघा. श्रावकाच्या नावानंतर 'भार्या' म्हणून बायकोचं नाव येतं, मग मुलांची, कधी सुनांचीसुद्धा. हेळव्याच्या वहीने जे गाळलं ते मूर्तीने ठेवलं. अशा लेखांवरून आणि हस्तलिखितांवरून डॉ. विद्याधर जोहरापूरकरांनी 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ सिद्ध केला, तो 1958 मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून निघाला. ग्रंथालयात मिळाला तर जरूर बघा.

पण जपून. मूर्तीवर 1548 दिसलं की "आमचं देऊळ 1548 सालचं" असं लगेच म्हणू नका. ते विक्रम संवत आहे, म्हणजे इ.स. 1491. त्या वर्षी वैशाखात जीवराज पापडीवाल नावाच्या श्रावकाने प्रतिष्ठा केलेल्या मूर्ती देशभरातल्या अनेक मंदिरांत पोहोचल्या. मूर्ती दुसरीकडून आलेली असू शकते. लेख मूर्तीचा इतिहास सांगतो, देवळाचा सांगेलच असं नाही.

लेख वाचायला मूर्ती हलवू नका. उपाध्यांना विचारा, त्यांच्या सोयीने मागे छोटा आरसा धरून फोटो घ्या. भांड्याची अक्षरं वाचायची तर चिंच-मीठ, पितांबरी काही लावू नका, अक्षर झिजतं. पीठ चोळायचीही काही जणांना सवय असते, पण मागे कण राहतात आणि मुंग्या येतात, उगाच हिंसा. दिवे मालवून एका बाजूने तिरका उजेड पाडला की अक्षरं आपोआप उठतात.

छापील आठवणी

देव्हाऱ्याजवळ ठेवलेली जुनी पूजापाठाची, स्तोत्रांची पुस्तकं उघडा. पहिल्या पानावर फोटो आणि 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट' असं हमखास असतं. कितीतरी आज्यांचा एकुलता एक फोटो असा पुस्तकात छापलेला राहिलाय. 1899 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचं मुखपत्र 'प्रगती आणि जिनविजय' आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतं. कुणाकडे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, निधनाच्या बातम्या आणि दानाच्या याद्या आधी वाचून घ्या. वर्तमानपत्रातली रक्षाविसर्जनाची चार ओळींची बातमीसुद्धा कापून ठेवा. तिच्यात मुली, जावई, नातवंडं, सगळी एका जागी असतात.

दान हेच आपल्याकडचं स्मारक, हे मला सगळ्यांत जास्त पटतं ते लक्ष्मीबाईंकडे बघून. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. रयत शिक्षण संस्थेचं काम 1924 मध्ये साताऱ्यात आलं, तिथल्या बोर्डिंगातल्या सगळ्या जातींच्या पोरांना त्यांनी आईसारखं सांभाळलं. धान्य संपलं तेव्हा दागिने गेले आणि एके दिवशी मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये त्या वारल्या. कर्मवीरांची समाधी साताऱ्यात आहे, तिथे आपण जातो, हात जोडतो. लक्ष्मीबाईंच्या गळ्यातलं ते मंगळसूत्र मात्र कुठल्याही कपाटात जपून ठेवलेलं नाही. त्याचं त्या दिवशीच पोरांच्या ताटातलं जेवण झालं. पण साताऱ्यातल्या कुठल्याही रयतच्या शाळेत विचारा, ही गोष्ट पोरांना माहीत असते.

आत्ताच का

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा किती जणींचे अल्बम, लग्नपत्रिका, वह्या गेल्या ते आपण पाहिलंय. पाण्यातून वाचलं ते तांबं, पितळ आणि दगड. आणि आता तेही आपण आपल्या हाताने काढतोय. घरात स्टील आलं म्हणून जुनी भांडी दिवाळीला मोडीत जातात. जीर्णोद्धारात जुन्या दानाच्या फरशा फुटतात आणि नवीन संगमरवरावर फक्त नव्या देणगीदारांची नावं येतात.

मोडीत घालू नका असं मी म्हणत नाही. अपरिग्रह आपल्याला शिकवलाय, घराचं वस्तुसंग्रहालय करायचं नाही. फक्त घालण्याआधी उलटून बघा, वाचा, फोटो घ्या आणि वहीत उतरवा. मंदिराच्या कमिटीत तुमच्या घरचं कुणी असेल तर जुन्या फरशांची नावं लिहून घेतल्याशिवाय फोडू नका एवढं सांगा. हेळवी आला तर सुनांची नावंही वहीत घालायला लावा. आमच्या घरी यंदा आत्यांनी स्वतः समोर बसून तीन नावं घालून घेतली. पणजी, आजी आणि पणजीच्याही आधीची ती बावीस वर्षांची मुलगी.

मोह नको हे खरं. पण जिच्यामुळे आपण इथे आहोत, तिचं नाव माहीत असणं हा मोह नव्हे, ती कृतज्ञता आहे असं मला वाटतं. तुमच्या घरच्या भांड्यांवर काय सापडतं ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.